श्मिट नंबर कमीच येतोय? क्रिस्टलला हात लावण्याआधी हे तपासा

काल सात मिती सिद्ध होत होत्या, आज चारच होतात. (जोडीतले दोन फोटॉन किमान किती मितींत एंटँगल्ड, म्हणजे क्वांटम नात्यानं एकमेकांशी बांधलेले, आहेत ते सांगणारा आकडा म्हणजे श्मिट नंबर.) लेसर तोच, क्रिस्टल तोच, टेबलाजवळ कुणी फिरकलेलं नाही. ही तक्रार मी स्वतःच्या आणि इतरांच्या टेबलांवर इतक्यांदा निस्तरली आहे, की हल्ली फोन आला की पहिलं एकच सांगते: आरशांच्या स्क्रूंना हात लावू नकोस, आधी मोजणीचे दोन्ही तक्ते पाठव. कारण बहुतेक वेळा स्रोत निर्दोष असतो, बिघाड मोजणीत असतो. आणि एकदा का आरसे हलवले, की मूळ दोष कुठे होता हे कळायचा मार्गच बंद होतो.

हे टिपण ज्या मांडणीसाठी लिहिते आहे ती अशी: ४०५ नॅनोमीटरचा पंप लेसर, पीपीकेटीपी क्रिस्टल (पंपाच्या एका फोटॉनाचे दोन करणारा), त्यातून निघणारे ८१० नॅनोमीटरचे जोडीचे फोटॉन. ध्रुवीकरणावरून ते वेगळे करायचे, प्रत्येकाच्या वाटेत एक एसएलएम (प्रकाशाच्या फेजवर, म्हणजे तरंगाच्या टप्प्यावर, हवा तो नमुना किंवा होलोग्राम उमटवणारा पडदा), पुढे सिंगल मोड फायबर (एकाच आकाराचा प्रकाश आत घेणारा), सिलिकॉन डिटेक्टर आणि शेवटी टाइम टॅगर (प्रत्येक फोटॉनाची वेळ नोंदवणारं यंत्र). मोड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे आकार, कक्षीय कोनीय संवेगाचे (ओएएमचे): प्रत्येकाचा पीळ सांगणारा आकडा एल, उणे ३ पासून अधिक ३ पर्यंत, एकूण सात. व्हिएन्नातल्या त्सायलिंगर यांच्या गटानं २००१ साली ओएएममधलं एंटँगलमेंट दाखवलं, तेव्हापासून अनेक प्रयोगशाळांत या मांडणीची कुठली ना कुठली आवृत्ती उभी आहे. तुमचे मोड पिक्सेलचे किंवा वेळेच्या कप्प्यांचे असतील, तर एसएलएमचा भाग सोडा. बाकीचं जवळपास तसंच लागू पडेल.

मोजणीची पद्धत दोन बेसिसची; बेसिस म्हणजे मोजायच्या मोडांचा एक पूर्ण संच. सात मितींच्या जोडीची पूर्ण टोमोग्राफी, म्हणजे स्थितीचा संपूर्ण नकाशा, करायची तर ७ चा चौथा घात, म्हणजे २४०१ च्या घरात आकडे ठरवावे लागतात. २०१८ साली दाखवलं गेलं की दोन बेसिसमधली मोजमापं पुरतात: एक साधा एलचा बेसिस आणि दुसरा त्याच्याशी परस्पर निष्पक्ष असलेला (एकातलं उत्तर माहीत असूनही दुसऱ्यातलं काहीच सांगता येऊ नये असा), सगळ्या मोडांच्या सुपरपोझिशनचा. प्रत्येकाचा सात बाय सातचा तक्ता (ओळी एका फोटॉनाच्या मोडांच्या, स्तंभ दुसऱ्याच्या, खान्यात दोघं एकदम सापडल्याची गणना), म्हणजे एकूण ९८ खाने. यापुढे पहिला तक्ता आणि दुसरा तक्ता म्हणेन ते हेच.

लक्षणं

तुमचा तक्ता खालीलपैकी कशासारखा दिसतो ते आधी ठरवा. रंगीत चित्र न बघता आकडे बघा. चित्राचा रंगपट्टा बारीक पार्श्वभूमी लपवतो, आणि मारते तीच.

- दोन्ही तक्त्यांत कर्ण ठळक आहे, पण बाकीच्या सगळ्या खान्यांत सारखीच थोडी थोडी गणना साचलेली आहे.
- पहिला तक्ता स्वच्छ, दुसऱ्याचा कर्ण फिका आणि पसरलेला.
- दुसऱ्या तक्त्यात कर्ण आहे, पण एक-दोन घरं सरकलेला, किंवा दोन शेजारच्या घरांत वाटला गेलेला.
- दुसऱ्या तक्त्यात पहिला खाना जागेवर, बाकीचा कर्ण उलट्या दिशेनं पडलेला.
- दुसरा तक्ता पूर्ण सपाट, जणू एंटँगलमेंट नाहीच.
- पहिल्या तक्त्यातच कर्णाशेजारची घरं उजळ.
- मोजणीच्या सुरुवातीच्या ओळी चांगल्या, शेवटच्या खराब.
- कर्णावर मधला खाना भरलेला आणि टोकांचे रिकामे.

हातानं करायचं गणित

सॉफ्टवेअर श्मिट नंबर काढून देतं, पण कुठे बिघडलं ते सांगत नाही. म्हणून हे गणित कागदावर करा. प्रत्येक तक्त्यात कर्णावरच्या गणनेला तक्त्याच्या एकूण गणनेनं भागा. असे दोन आकडे मिळतील. त्यांची बेरीज करून १ वजा करा. कमाल एंटँगल्ड स्थितीशी तुमच्या स्थितीची फिडेलिटी (० ते १ मध्ये मोजलेली जुळणी) किमान इतकी आहे. हा अंदाज नव्हे, काटेकोर खालची मर्यादा आहे: दोन्ही बेसिसमधले सहसंबंध शंभर टक्के पाळणारी स्थिती एकच आहे, ती म्हणजे कमाल एंटँगल्ड स्थिती, आणि त्यातूनच हे निघतं. २०१८ च्या पद्धतीतली मर्यादा पहिल्या तक्त्यातला प्रत्येक खाना वापरून यापेक्षा बारकाईनं काढतात. निदानासाठी मात्र साधं सूत्र पुरतं.

पुढचा नियम बार्बरा टर्हाल आणि पावेल होरोडेकी यांच्या २००० सालच्या कामातला. मिती ७ असेल आणि श्मिट नंबर ४ असेल, तर ही फिडेलिटी ४/७ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे ४/७ ओलांडलं की किमान ५ सिद्ध. सातच्या सात सिद्ध करायच्या तर ६/७, म्हणजे ०.८५७ ओलांडावं लागतं.

समजा पहिल्या तक्त्यातून ०.९६ आले आणि दुसऱ्यातून ०.७८. बेरीज वजा १ म्हणजे ०.७४. ५/७ म्हणजे ०.७१४, ते ओलांडलं. सहा मिती सिद्ध. आणि त्याच क्षणी हेही कळलं की पहिला तक्ता ठीक आहे, पाणी दुसऱ्यात मुरतंय. हा एवढा फरक कळायलाच हे गणित करायचं. पहिला तक्ता फक्त कुठला मोड कुठल्या मोडाशी जोडलेला आहे ते बघतो, फेजचं त्याला काहीच कळत नाही. दुसरा तक्ता फेजवरच जगतो.

पहिली तपासणी: कोड

फुकट आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोष इथेच सापडला आहे.

दुसऱ्या बेसिसमध्ये एका बाजूला जो होलोग्राम आहे, त्याचा कॉम्प्लेक्स कॉन्ज्युगेट (फेजचं चिन्ह उलटं केलेला) दुसऱ्या बाजूला हवा. हे विसरलं आणि दुसरा बेसिस साधा फूरियर असेल, तर कर्ण उलटा पडतो: शून्याची जोडी शून्याशीच राहते, पण १ ची ६ शी, २ ची ५ शी लागते. हे तरी दिसतं. घात होतो तो वूटर्स आणि फील्ड्स यांच्या १९८९ च्या रचनेतला, फेजमध्ये वर्ग असलेला बेसिस वापरला तर. तिथे कॉन्ज्युगेट चुकला की ४९ च्या ४९ खान्यांत सारखीच गणना येते, तक्ता अगदी सपाट. बघणाऱ्याला वाटतं की सुसंगती गेली, क्रिस्टल गेला, सगळं गेलं. एका विद्यार्थ्यानं यापायी दोन आठवडे अलाइनमेंट केल्याचं मी पाहिलं आहे. दोष एका चिन्हाचा होता. तक्ता अगदी गणिती सपाट असेल तर आधी चिन्हावर संशय घ्या. खरा बिघाड इतका नीटनेटका नसतो.

दुसरं, एलचं चिन्ह. पंपात एल शून्य असेल तर जोडीतल्या फोटॉनांचे एल एकमेकांच्या उलट असतात. पण प्रत्येक परावर्तनाला चिन्ह पालटतं. दोन्ही वाटांवरचे आरसे मोजा, एसएलएम हाही आरसाच आहे हे विसरू नका. मधे कुणी एखादा आरसा वाढवला असेल, तर कोडमधला जोड्यांचा क्रम बदलायला हवा.

तिसरं, भागाकार. प्रत्येक तक्ता स्वतःच्याच एकूण गणनेनं भागला जातोय ना? एका तक्त्याला दहा सेकंद आणि दुसऱ्याला वीस सेकंद मोजलं आणि एकत्र भागलं, असं होतं. फिडेलिटी एकच्या वर गेली असेल तर आनंद न मानता इथेच शोधा.

दुसरी तपासणी: कॉइन्सिडन्सची खिडकी

हीही फुकट. दोन बाजूंचे फोटॉन किती वेळाच्या आत आले तर त्यांना जोडी, म्हणजे कॉइन्सिडन्स, मानायचं ती मुदत म्हणजे खिडकी. सर्व खान्यांत सारखी पार्श्वभूमी असेल तर जवळजवळ हमखास इथेच.

दोन डिटेक्टरांवर नुसत्या योगायोगानं एकाच खिडकीत पडणाऱ्या गणनेला आपण अपघाती कॉइन्सिडन्स म्हणतो. तिचा दर म्हणजे दोन्ही बाजूंच्या एकेकट्या गणनेचा दर आणि खिडकीची रुंदी यांचा गुणाकार. दोन्ही बाजूंना सेकंदाला सुमारे ३१,६०० आणि खिडकी २ नॅनोसेकंद असेल, तर प्रत्येक खान्यात सेकंदाला २ अपघाती. दोन म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण खाने ४९ आहेत, आणि त्यातले ४२ कर्णाबाहेर.

हिशोब करून बघा. कर्णावरच्या प्रत्येक खान्यात सेकंदाला २०० खरी कॉइन्सिडन्स, बाकी सगळं निर्दोष, दोन्ही तक्ते सारखे. खिडकी २ नॅनोसेकंद: कर्णाचा वाटा ०.९४४, फिडेलिटी किमान ०.८८८, सातही मिती सिद्ध. खिडकी ५ केली तर अपघाती पाच होतात. कर्णाचा वाटा ०.८७२, फिडेलिटी ०.७४५, सहाच सिद्ध. खिडकी १० केली तर ०.५५६, म्हणजे चार. सातावरून चारावर यायला टेबलावरचा एकही स्क्रू हलावा लागला नाही. कुणीतरी टाइम टॅगरच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी परत मूळ सेटिंगवर आणली, एवढं पुरलं. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर हे मी किमान चारदा पाहिलं आहे.

मग खिडकी हवी तेवढी अरुंद करावी का? नाही. नेहमीच्या सिलिकॉन डिटेक्टरचा वेळेतला थरथराट साधारण ३५० पिकोसेकंद असतो. दोन मिळून शिखराची रुंदी अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आसपास. खिडकी त्याहून अरुंद केली तर खरी गणनाच कापली जाते. आधी दोन चॅनलमधल्या वेळेच्या फरकाचा हिस्टोग्राम काढा, शिखर कुठे आहे ते बघा आणि खिडकी त्यावर बसवा. कुणी कोएक्सियल केबल बदलली आहे का ते विचारा. एक मीटर केबल म्हणजे सुमारे ५ नॅनोसेकंद. एका मीटरच्या अदलाबदलीनं शिखर खिडकीच्या पूर्ण बाहेर जातं, आणि उरतात ती फक्त अपघाती.

मग खोलीतला उजेड. मॉनिटर, टाइम टॅगरचा हिरवा दिवा, दाराखालची फट. पंप बंद करून एकेकट्या गणना बघा. डिटेक्टरच्या डार्क काउंटपेक्षा (पूर्ण अंधारातही होणाऱ्या खोट्या गणनेपेक्षा) खूप वर असतील, तर काळं कापड आणि टेप घ्या. पंपाची ताकद कमी करणं हाही उपाय आहे: खरी गणना ताकदीच्या प्रमाणात घटते, अपघाती तिच्या वर्गाच्या प्रमाणात. वेळ जास्त लागेल, पण आकडा सुधारेल.

इथे एका गोष्टीवर मी ठाम आहे. अपघाती गणना वजा करून मिती वाढवता येतात, आणि तसं करायचा मोह होतोच. स्रोताची प्रकृती समजून घ्यायला वजाबाकी चालेल. पण प्रमाणपत्र म्हणून जो आकडा सांगणार तो कच्च्या गणनेवरचाच असावा. वजाबाकी केली असेल तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. एंटँगलमेंट सिद्ध करण्याचा अर्थच हा, की समोरच्यानं आपल्यावर विश्वास ठेवण्याची गरज कमीत कमी उरावी.

तिसरी तपासणी: पुरेशी गणना आणि वाहवत जाणं

कर्णाचा वाटा दोन्हीकडे ०.९४ असेल, तर फिडेलिटी ०.८८, उंबरठ्याच्या ०.०२३ वर. प्रत्येक तक्त्यात एकूण ३०० च गणना असतील तर या आकड्यातली अनिश्चितता सुमारे ०.०१९. म्हणजे तुम्ही उंबरठ्यापासून जेमतेम १.२ सिग्मावर आहात. आज सात, उद्या सहा येणारच, त्यात बिघाड काहीच नाही. ३००० गणना केल्यात तर तेच अंतर ३.७ सिग्मा होतं. "काल येत होतं" म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचं कालचंही आलेलं नसतं.

वाहवत जाणं वेगळं. ९८ खाने, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे दीड तासाहून जास्त. तेवढ्यात खोलीचं तापमान बदलतं, फायबरमधली जुळणी ढासळते. आमच्याकडे पावसाळ्यात दुपारी वीज जाते, एसी पंधरा मिनिटं बंद राहतो, आणि त्यानंतरचा तासभर टेबल स्वतःच्या जागेवर परत येत असतं. ते पकडायचं तर दर दहा खान्यांनंतर एकच ठरावीक खाना पुन्हा मोजा, उदाहरणार्थ शून्य-शून्य. तो आकडा घसरत असेल तर उत्तर मिळालं. आणि खाने ओळीनं न मोजता यादृच्छिक क्रमानं मोजा. ओळीनं मोजलं तर घसरण तक्त्याच्या एका कोपऱ्यात साचते आणि भौतिकशास्त्र असल्याचं सोंग घेते.

चौथी तपासणी: एसएलएम

इथून पुढे उठून टेबलापाशी जावं लागतं. पंपाचा ४०५ चा किरण वर्ग ३बी चा असेल तर चष्मा घालूनच.

पहिल्या तक्त्यात कर्णाशेजारची घरं उजळ असतील, तर होलोग्रामचं केंद्र किरणाच्या केंद्रावर नाही. काट्याच्या आकाराच्या होलोग्रामचं टोक किरणाच्या मध्यापासून थोडं जरी सरकलं, तरी एल १ चा होलोग्राम थोडा एल ० आणि थोडा एल २ सुद्धा पकडतो. उपाय सोपा आहे. एका बाजूला एल १, दुसऱ्या बाजूला एल ० ठेवा. इथे कॉइन्सिडन्स शून्याजवळ यायला हवीत. आता कोडमधूनच होलोग्रामचं केंद्र आडवं, मग उभं, काही पिक्सेलनी सरकवत जा आणि गणना सर्वांत कमी कुठे होते ते शोधा. मग बाजू बदलून तेच करा. आरशाला हात लावायचा नाही. केंद्र सॉफ्टवेअरमध्ये हलतं, हेच एसएलएमचं मोठं सुख.

मग फेजची तरंगलांबी. एसएलएमचा लुकअप टेबल (कुठल्या सिग्नलला किती फेज मिळते ते सांगणारा) ८१० साठीचाच आहे ना? दुसऱ्या प्रयोगाला कुणी उसना नेला असेल तर दुसराच चढवलेला असतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. होलोग्रामवर ग्रेटिंग (समांतर रेघांची जाळी) असेल आणि आपण पहिला ऑर्डर (तिनं बाजूला वळवलेला पहिला किरण) वापरत असू, तर फेजच्या खोलीतली चूक मुख्यतः प्रकाश वाया घालवते. साधे एलचे मोड बऱ्यापैकी टिकतात. पण दुसऱ्या बेसिसच्या सुपरपोझिशनसाठी ग्रेटिंगची खोली जागोजागी बदलून तीव्रताही कोरावी लागते, आणि तिथे तीच चूक आकार बिघडवते. त्यामुळे लुकअप टेबल चुकला की पहिला तक्ता सुंदर आणि दुसरा आजारी दिसतो, आणि माणूस फेजच्या मागे लागतो.

ध्रुवीकरण एसएलएमच्या द्रव स्फटिकाच्या अक्षाशी जुळत नसेल तर तो भाग शून्य ऑर्डरमध्ये निघून जातो. गणना घटते, पण तक्ता फारसा बिघडत नाही. एक अर्धतरंग पट्टी फिरवून बघा आणि पुढे चला.

पाचवी तपासणी: मोडांमधली फेज

दुसऱ्या तक्त्याचा कर्ण सरकलेला असेल तर घाबरू नका, हा सर्वांत सोपा दोष आहे. एका बाजूची प्रतिमा दुसऱ्याच्या तुलनेत थोडी फिरलेली असली, की प्रत्येक मोडला एलच्या प्रमाणात जास्तीची फेज मिळते, आणि कर्ण तितकाच बाजूला जातो. वर्तुळाचा सातवा हिस्सा फिरवलं तर बरोब्बर एक घर. त्याच्या निम्मं फिरलं असेल तर गणना दोन शेजारच्या घरांत वाटली जाते, आणि हेच लोकांना सुसंगती गेल्यासारखं दिसतं. एका एसएलएमवरचे सगळे होलोग्राम थोडे थोडे फिरवत जा, कर्ण जागेवर येईल.

कर्ण जागेवर आहे पण पसरट आहे, तर गुई फेज (पुढे जाताना किरणाला मिळणारी जास्तीची फेज) बघा. लागेर-गाउस मोडची, म्हणजे आपल्याच ओएएम मोडची, गुई फेज एलच्या चिन्हावर नाही, मूल्यावर अवलंबून असते. क्रिस्टलच्या मध्याची प्रतिमा एसएलएमवर नेमकी पडत नसेल तर ० आणि ३ या मोडांत फेजचा फरक साचतो. भिंग मागेपुढे करण्याआधी होलोग्राममध्येच प्रत्येक मोडला उलट फेज देऊन बघा. ही ज्याच्या त्याच्या बाजूची फेज आहे; ती बदलल्यानं एंटँगलमेंट वाढतही नाही, कमीही होत नाही, फक्त तुम्ही ते योग्य दिशेनं बघू लागता. ही फेज वेगळ्या चाचणी मोजणीवर ठरवा, गोठवा, आणि मगच खरा तक्ता घ्या.

सहावी तपासणी: मोडांचं असमान वजन

कर्णावर मधे भरती आणि टोकांना ओहोटी, हे स्रोताचं नैसर्गिक रूप आहे, बिघाड नव्हे. समजा वजनं अशी: एल ० ला २८ टक्के, अधिक-उणे १ ला प्रत्येकी २०, अधिक-उणे २ ला १२, अधिक-उणे ३ ला ४. अगदी निर्दोष यंत्रावरही या स्थितीची कमाल एंटँगल्ड स्थितीशी फिडेलिटी ०.९०४ च येते. दुसऱ्या तक्त्याचा कर्ण ९० टक्क्यांवर थांबला म्हणून फेज शोधत बसणाऱ्यानं आधी पहिल्या तक्त्यावरून हे गणित करावं. ०.८५७ च्या वर शिल्लक राहते ती जेमतेम ०.०४७, सगळा गोंगाट तेवढ्यात बसवायचा.

यावर तीन वाटा आहेत. लक्ष्य स्थितीच (जिच्याशी फिडेलिटी मोजायची ती) असमान निवडायची आणि दुसरा बेसिस तसा झुकवायचा, ही २०१८ च्या पद्धतीतच सांगितलेली वाट. पण मग उंबरठा के/७ (के म्हणजे ओलांडायचा श्मिट नंबर) राहत नाही. सर्वांत मोठ्या के वजनांची बेरीज हा नवा उंबरठा होतो. वरच्या उदाहरणात सात सिद्ध करायला ०.९६ ओलांडावं लागेल. शिल्लक ०.०४, म्हणजे आधीपेक्षाही कमी. जुना उंबरठा आणि नवं लक्ष्य अशी भेसळ केलेला कोड मी दोनदा पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा निकाल चुकीचा जास्त होता.

दुसरी वाट म्हणजे बलवान मोडांची ग्रेटिंग मुद्दाम फिकी करून सगळ्यांना ४ टक्क्यांवर आणणं. २८ टक्केच फोटॉन उरतात, पण स्थिती सपाट होते. अशी एका बाजूची गाळणी श्मिट नंबर वाढवू शकत नाही, त्यामुळे ती प्रामाणिक आहे. फक्त तीच गाळणी दोन्ही तक्त्यांत लावलेली हवी.

तिसरी वाट म्हणजे पंपाचा ठिपका मोठा करून मोडांचा पट्टाच रुंदावणं. ते खऱ्या अर्थानं स्रोत बदलणं आहे, आणि त्यानंतर चौथ्या तपासणीपासून सगळं पुन्हा करावं लागतं.

सातवी तपासणी: फायबर

फायबरचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघा, पुसा, पुन्हा बघा. एवढ्यानं गणना परत आली तर उत्तमच.

पण मोठी गोष्ट वेगळी आहे. सिंगल मोड फायबर आपण "होलोग्रामनं सपाट केलेला मोडच तेवढा आत घेणारा" म्हणून वापरतो. प्रत्यक्षात तो गाउसियनशी असलेली जुळणी मोजतो, आणि ही जुळणी एलनुसार बदलते. म्हणजे प्रत्येक मोडची कार्यक्षमता वेगळी. प्रत्येक खान्यासाठी वेगळा होलोग्राम लावून मोजताना आपण गृहीत धरतो, की ४९ खाने मिळून एक पूर्ण मोजमाप होतं. ही कार्यक्षमता खान्यागणिक बदलली तर ते गृहीतकच ढासळतं, आणि दोष कमी आकडा देण्याच्या दिशेनंच जाईल याची हमी नाही. तो जास्तही देऊ शकतो. म्हणून चांगला निकाल आला तरी ही तपासणी करा: एका बाजूला एक होलोग्राम कायम ठेवून दुसऱ्या बाजूचे सातही फिरवा आणि बेरीज घ्या, मग दुसऱ्या बेसिसचे सात फिरवून बेरीज घ्या. दोन बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात. नसतील तर दोन्ही बेसिसचे होलोग्राम एकाच पद्धतीनं, तीव्रतेसकट, कोरलेले आहेत का ते बघा.

एडिंबरामध्ये २०२० साली पिक्सेलसारख्या मोडांवर १९ मितींत ९४.४ टक्के फिडेलिटी मिळाली, आणि मोठ्या अवकाशात ५५ मितींपर्यंतचं एंटँगलमेंट सिद्ध झालं. तो प्रयोग मला आवडतो तो एवढ्यासाठी, की आकडा वाढला त्यात मोडांची नेमकी मोजणी आणि होलोग्रामची रचना यांचा वाटा मोठा होता.

इथपर्यंत काहीच सापडलं नाही तर

प्रकाशाला हात लावण्याआधी आणखी बेसिस मोजा. ७ मूळ संख्या आहे, त्यामुळे परस्पर निष्पक्ष बेसिस आठ मिळतात. आठही मोजले तर फिडेलिटीची मर्यादा न राहता नेमकी किंमतच मिळते: आठ कर्णांच्या वाट्यांची बेरीज, वजा १, भागिले ७. अनेकदा दोन बेसिसवर चार सिद्ध होणारी स्थिती आठांवर पाच-सहा देते, आणि कळतं की स्थिती ठीक होती, मर्यादाच सैल होती. कोणत्या बेसिसमध्ये कर्ण फिका आहे यावरून फेजदोषाचं रूपही कळतं.

त्यानंतर क्रिस्टलचं तापमान. ओव्हनचा आकडा कालच्या नोंदीशी जुळतो का बघा, आणि अंशाच्या दहाव्या भागाच्या पावलांनी दोन्हीकडे जाऊन कॉइन्सिडन्स आणि कर्णाचा आकार दोन्ही टिपा. नुसती गणना वाढवायला तापमान हलवू नका. फोटॉनांचा शंकू उघडला-मिटला की मोडांची वजनंही बदलतात.

सर्वांत शेवटी उलट्या दिशेनं अलाइनमेंट: एका फायबरमधून ८१० चा लेसर मागे पाठवायचा, क्रिस्टलमधून जाऊन तो दुसऱ्या फायबरमध्ये किती शिरतो ते बघायचं. एका डिटेक्टरच्या जागी उजेडाचा स्रोत कल्पणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ क्लिश्को यांच्या चित्रातून आलेली ही युक्ती फार कामाची आहे. पण आधी दोन्ही डिटेक्टर बंद करा आणि फायबर त्यांच्यापासून हातानं काढून बाजूला ठेवा. नुसतं बंद करून भागत नाही. लेसरचा उजेड पडून डिटेक्टर गेला की त्या महिन्याचं कामही गेलं.

इथे थांबा

पंप लेसरची ताकद किंवा किरणाचा आकार स्वतःहून बदलला असेल, तर लेसरचं डोकं उघडू नका. ते निर्मात्याच्या सेवा अभियंत्याचं काम आहे, आणि उघड्या डोक्यातला किरण चष्म्याला न जुमानता कुठेही जातो. डिटेक्टरचे डार्क काउंट अंधारातही पूर्वीपेक्षा कित्येक पट झाले असतील तर तोही परत पाठवायचा. अतिसंवाहक डिटेक्टर असतील तर क्रायोस्टॅट आणि कंप्रेसरला प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. एसएलएमवर पट्टे दिसत असतील, किंवा बरोबर लुकअप टेबल असूनही फेज पूर्ण फेरा घेत नसेल, तर कारखान्यात पुन्हा अंशांकन करून घ्या. क्रिस्टलच्या पृष्ठभागावर डाग किंवा जळालेला ठिपका दिसला तर पुसू नका, फोटो काढा आणि पंप बंद करा.

आणि कधी कधी बोलवायचा माणूस सैद्धांतिक असतो. वरच्या सातव्या तपासणीतल्या दोन बेरजा जुळतच नसतील, तर प्रश्न टेबलाचा उरलेला नाही. अपूर्ण मोजमापांसाठी विटनेस (एंटँगलमेंट सिद्ध करणारा निकष) नव्यानं मांडावा लागेल, आणि ते रात्री प्रयोगशाळेत बसून करायचं काम नाही. त्यांना पाठवताना टाइम टॅगची कच्ची फाइल, प्रत्येक होलोग्रामची प्रतिमा आणि मोजणीचा क्रम पाठवा. तयार तक्ता पाठवू नका, कारण खिडकी किती रुंद घ्यायची हे त्यात आधीच कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं.